दोन कार्बोनिल, एक वलय: डायकीटोनपासून विषमवलयी संयुगं बनवायला शिकताना

प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधी कागद घ्या. डायकीटोनची, म्हणजे दोन कार्बोनिल (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन) असलेल्या रेणूची साखळी काढा, एका कार्बोनिल कार्बनवर बोट ठेवा आणि दुसऱ्या कार्बोनिलपर्यंत, दोन्ही टोकं धरून, किती कार्बन येतात ते मोजा. हे मोजणं अंगवळणी पडलं की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो. मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी फ्लास्क देत नाही, पेन्सिल देतो.

विषमवलयी, म्हणजे हेटरोसायक्लिक, संयुगाच्या वलयात कार्बनच्या जोडीला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचा अणू बसलेला असतो. पायरोल, फ्युरान, पायराझोल, इमिडाझोल, पिरिमिडीन, क्विनॉक्सॅलिन ही सगळी याच घराण्यातली. औषधांच्या रचना उघडून पाहिल्या तर अशी वलयं पदोपदी भेटतात. ती बनवायचे मार्ग अनेक आहेत, पण नवशिक्यासाठी डायकीटोनचा मार्ग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दोन कार्बोनिल, त्यांना धरणारे नायट्रोजन, आणि बाहेर पडणारं पाणी. काय जोडलं गेलं आणि काय निघून गेलं, हे कागदावर अणूअणूने मांडता येतं.

पायरी पहिली: वलय आधी कागदावर

नियम सोपा आहे. डायकीटोनमधून वलयात येणारे कार्बन आणि अभिकारकातून वलयात येणारे अणू यांची बेरीज म्हणजे वलयाचा आकार.

१,२-डायकीटोनमध्ये दोन्ही कार्बोनिल शेजारी-शेजारी असतात, म्हणून त्यातून दोन कार्बन येतात. ऑर्थो-फिनिलिनडायअमीनमध्ये नायट्रोजन-कार्बन-कार्बन-नायट्रोजन असे चार अणू वलयात येतात. दोन आणि चार सहा, तयार झालं क्विनॉक्सॅलिन. १,३-डायकीटोनमधून तीन कार्बन येतात. त्याला हायड्राझिनचे दोन नायट्रोजन मिळाले की पाच अणूंचं पायराझोल, हायड्रॉक्सिलअमीनचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळाले की पाच अणूंचं आयसॉक्साझोल, युरिया किंवा ग्वानिडीनमधले नायट्रोजन-कार्बन-नायट्रोजन मिळाले की सहा अणूंचं पिरिमिडीन. याच १,३-डायकीटोनला ऑर्थो-फिनिलिनडायअमीन दिलं तर? तीन आणि चार सात. खरोखरच सात अणूंचं १,५-बेंझोडायझेपिन मिळतं, आणि आम्लात त्याचे क्षार गडद जांभळे दिसतात.

१,४-डायकीटोन चार कार्बन देतो. अमोनियाचा किंवा प्राथमिक अमीनचा एक नायट्रोजन आला की पायरोल. बाहेरून काहीच न घालता नुसतं आम्ल दिलं तर एका कार्बोनिलचा स्वतःचाच ऑक्सिजन वलयात बसतो आणि फ्युरान मिळतं. फॉस्फरस पेंटासल्फाइड किंवा लॉवेसन अभिकारकासारखा गंधक देणारा पदार्थ वापरला तर थायोफिन. पहिल्या वर्षी या शेवटच्या वाटेला जाऊ नका. त्यात सुटणारा हायड्रोजन सल्फाइडचा वायू विषारी असतो आणि त्याची दुर्गंधी आठवडाभर हटत नाही.

१,५-डायकीटोन पाच कार्बन देतो, अमोनियाचा एक नायट्रोजन मिळून सहा अणूंचं वलय होतं.

आता दुसरी मोजणी, जी बरेच जण विसरतात: हायड्रोजनची. वलयाचा आकार बरोबर आला म्हणजे ते ॲरोमॅटिक, म्हणजे वलयभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे स्थिर, झालंच असं नाही. १,३-डायकीटोन आणि हायड्राझिन यांतून पाण्याचे दोन रेणू गेले की पायराझोल थेट ॲरोमॅटिक होतं. १,४-डायकीटोन आणि हायड्राझिन यांतून मात्र डायहायड्रोपायरिडाझिन मिळतं, म्हणजे दोन हायड्रोजन जास्तीचे उरतात. पायरिडाझिन हवं असेल तर नंतर ऑक्सिडीकरण करावं लागतं, किंवा सुरुवातीलाच साखळीत दुहेरी बंध असलेला एनडायोन घ्यावा लागतो. १,५-डायकीटोन आणि अमोनिया यांचंही असंच, हाती येतं डायहायड्रोपिरिडीन. इथे एक सुंदर युक्ती आहे. अमोनियाऐवजी हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड वापरलं तर नायट्रोजनला चिकटलेला ऑक्सिजन शेवटी पाण्याच्या रूपात निघून जातो आणि पिरिडीन सरळ मिळतं. ऑक्सिडीकरणाचं काम अभिकारकाने स्वतःच्या पोटात घालून आणलेलं असतं.

पायरी दुसरी: आत काय घडतं ते समजून घ्या

अमीनच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती कार्बोनिल कार्बनवर चाल करते, तिथे हायड्रॉक्सिल आणि अमीन दोन्ही बाळगणारा मधला टप्पा तयार होतो, त्यातून पाणी जातं आणि इमीन किंवा एनअमीन उरतं. मग साखळीच्या दुसऱ्या टोकाला हेच पुन्हा घडतं. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी नायट्रोजनला लांब जावं लागत नाही, कार्बोनिल त्याच रेणूत हाकेच्या अंतरावर असतो. म्हणून पाच आणि सहा अणूंची वलयं इतक्या सहज बंद होतात.

यात आम्लाचं काम नाजूक आहे. थोडं आम्ल कार्बोनिलला अधिक उत्सुक बनवतं आणि पाणी बाहेर पडायला मदत करतं. जास्त आम्ल झालं की ते अमीनलाच प्रोटॉन देतं, मोकळी जोडी अडकून पडते आणि नायट्रोजन हल्ला करायच्या लायकीचा राहत नाही. पायरोल बनवताना याचा फटका स्पष्ट दिसतो. पीएच ३ च्या खाली गेला तर अमीन बाजूला बसून राहतं आणि १,४-डायकीटोन स्वतःच वलय बंद करून मुख्यतः फ्युरान देतो. पायरोल हवं होतं, फ्युरान मिळालं, अशी वही मी कितीदा पाहिली आहे. बहुतेक वेळा कारण एकच: ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब पुरेसे होते तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं गेलं.

पायरी तिसरी: बाटल्या उघडण्याआधी

सुरुवातीचे पदार्थ शुद्ध नसतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ऑर्थो-फिनिलिनडायअमीन ताजं असताना जवळपास पांढरं असतं, हवेत हळूहळू तपकिरी आणि मग काळपट होतं. शिकत असताना मी एकदा घाईत जुन्या बाटलीतलं तपकिरी चूर्ण तसंच वापरलं होतं. स्फटिकांऐवजी डांबरासारखा गोळा आला आणि तो स्वच्छ करण्यात दोन दिवस गेले. गरम पाण्यातून, चिमूटभर सोडियम डायथायोनाइट घालून पुनर्स्फटिकीकरण केलं असतं तर ते काम तासाभराचं होतं. हा पदार्थ गिळल्यास विषारी, त्वचेला ॲलर्जी आणणारा आणि कर्करोगाच्या संशयितांतला आहे, म्हणून हातमोजे आणि फ्यूम हूड यांच्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

ॲसिटिलॲसिटोन हा नेहमीच्या वापरातला १,३-डायकीटोन. तो १४० °से.ला उकळतो. खोलीच्या तापमानाला शुद्ध द्रवात त्याचे सुमारे ८० टक्के रेणू डायकीटोन नसून एनॉल रूपात (दुहेरी बंधाच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल असलेल्या) असतात. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला तर लाल रंग येतो तो या एनॉलमुळे. लोखंडाचा गंजका चमचा त्यात बुडवलात तरी तोच प्रकार होईल, म्हणून काचेचं किंवा प्लास्टिकचं पिपेट वापरा. हा द्रव सहज पेट घेतो, ज्वालेजवळ उघडायचा नाही.

हायड्राझिनबद्दल मी कडक आहे. त्याची वाफ विषारी आहे आणि कर्करोगाचा धोका गंभीरपणे घ्यावा असा आहे. शिकणाऱ्याने हायड्राझिन हायड्रेटच्या द्रवापेक्षा हायड्राझिन सल्फेट हा घन क्षार घ्यावा. त्याची वाफ होत नाही, वजन करणं सोपं जातं. तरी त्याची धूळ उडू देऊ नका. हायड्रॉक्सिलअमीनही हायड्रोक्लोराइडच्या रूपातच घ्यायचं, कारण मोकळं, संहत हायड्रॉक्सिलअमीन स्फोटक होऊ शकतं.

आणि २,५-हेक्सेनडायोन. हा पायरोल बनवायचा पाठ्यपुस्तकी १,४-डायकीटोन, दिसायला निरुपद्रवी फिकट पिवळसर द्रव. पण हेक्सेनच्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लोकांच्या हातापायांतल्या नसा बधिर का होतात, याचं उत्तर याच रेणूत आहे. शरीरात हेक्सेनचं ऑक्सिडीकरण होऊन २,५-हेक्सेनडायोन बनतं, ते मज्जातंतूंच्या प्रथिनांमधल्या लायसिनच्या अमीन गटांना धरतं आणि तिथे पायरोल तयार होतात. म्हणजे तुम्ही फ्लास्कमध्ये जी अभिक्रिया मुद्दाम घडवणार आहात, तीच नसांमध्ये नकळत घडते. ही गोष्ट एकदा नीट समजली की हातमोजे घाला असं पुन्हा सांगावं लागत नाही.

अजून एक छोटी गोष्ट, जी फार महाग पडते. काचेची भांडी ॲसिटोनने धुऊन ओलीच वापरू नका. ॲसिटोन हासुद्धा कीटोन आहे. तुमचं हायड्राझिन किंवा डायअमीन डायकीटोनच्या आधी त्याच्याशी अभिक्रिया करायला लागेल आणि टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करणाऱ्या पट्टीवर, दिसणारा जास्तीचा ठिपका कुठून आला हे शोधण्यात दिवस जाईल.

पायरी चौथी: पहिला प्रयोग, २,३-डायफिनिलक्विनॉक्सॅलिन

सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. दोन्ही पदार्थ घन, तापमान सौम्य, उत्पादनाचे स्फटिक सुंदर, आणि तिघांचे द्रवणांक इतके वेगळे की काय मिळालं ते लगेच कळतं. बेन्झिल, म्हणजे दोन्ही टोकांना फिनिल असलेला १,२-डायकीटोन, ९५ °से.ला वितळतं, ऑर्थो-फिनिलिनडायअमीन १०२ ते १०४ला, आणि क्विनॉक्सॅलिन १२५ ते १२६ला.

बेन्झिल १.०५ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल, मोजून घ्या. ४ मिलिलिटर कोमट रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ते विरघळवा, पिवळं द्रावण होईल. दुसऱ्या भांड्यात ०.५४ ग्रॅम, म्हणजे तेवढेच ५ मिलिमोल, ऑर्थो-फिनिलिनडायअमीन ४ मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवा. दोन्ही एका छोट्या राउंड बॉटम फ्लास्कमध्ये एकत्र करा, वर कंडेन्सर लावा आणि वॉटर बाथवर अर्धा तास गरम करा. उघडी ज्वाला नको, स्पिरिट आहे.

दर दहा मिनिटांनी टीएलसी घ्या. हेक्सेन आणि इथाइल ॲसिटेट ८:२ प्रमाणात चालेल. पट्टीवर तीन खुणा ठेवा: बेन्झिल, अभिक्रियेचं मिश्रण, आणि मधल्या रेषेवर दोन्ही एकावर एक. ही मधली रेष नवखे टाळतात. दोन ठिपके जवळजवळ एकाच उंचीवर चालत असतील तर ते एकच आहेत की वेगळे, हे फक्त तिथेच कळतं. बेन्झिलचा ठिपका संपला की गरम करणं थांबवा.

मिश्रण गरम असतानाच थेंबथेंब पाणी घाला, किंचित गढूळपणा येऊन टिकेपर्यंत. मग फ्लास्क हलवू नका, आपोआप थंड होऊ द्या. थेट बर्फात बुडवलं तर बारीक भुकटी बसते आणि तिच्यात अशुद्धी अडकते. हळू थंड केलं तर सुयांसारखे स्फटिक मिळतात. ते ब्युकनर फनेलवर गाळा, थंडगार पाणीमिश्रित स्पिरिटने थोडंसंच धुवा, आणि पाणी-अल्कोहोल मिश्रणातूनच पुन्हा स्फटिक करा.

पूर्ण रूपांतर झालं तर १.४१ ग्रॅम मिळायला हवं. पुनर्स्फटिकीकरणानंतर त्याच्या निम्मं हाती आलं तरी पहिल्या वेळी ते चांगलंच आहे. उरलेलं मदर लिकर, म्हणजे स्फटिक गाळल्यावर राहिलेलं द्रावण, फेकू नका. रात्रभर थंड जागी ठेवा, त्यातून दुसरा हप्ता निघतो. दोन्ही हप्ते एकत्र करण्याआधी प्रत्येकाचा द्रवणांक वेगळा पाहा.

या अभिक्रियेत दुसरं काही बाहेर पडत नाही, फक्त पाण्याचे दोन रेणू. दोन्ही सुरुवातीच्या पदार्थांच्या एकूण वजनातलं जवळजवळ ८९ टक्के उत्पादनात येतं. कचरा कमी असणं ही शोभेची बाब नाही. कारखान्याच्या प्रमाणावर तीच गोष्ट मार्ग निवडते.

एक धोका लक्षात ठेवा: १,२-डायकीटोनला तीव्र अल्कली देऊ नका. बेन्झिलला तीव्र अल्कलीत गरम केलं की एक फिनिल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि बेन्झिलिक आम्ल बनतं. पण हाच गुण एका मोठ्या औषधाचा पाया आहे. बेन्झिल, युरिया आणि अल्कली एकत्र गरम केले की फिनिल असाच सरकतो आणि फेनिटॉइन बनतं. वलय मोजून पाहा: दोन कार्बन बेन्झिलचे, तीन अणू युरियाचे, एकूण पाच. बेरीज बरोबर आली, फक्त फिनिलने जागा बदलली. हाइनरिख बिल्ट्स यांनी १९०८ मध्ये ते बनवलं. अपस्माराचे झटके ते रोखतं हे मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये दाखवलं. तीस वर्षं तो रेणू कपाटात वाट पाहत होता.

पायरी पाचवी: दुसरा प्रयोग, ३,५-डायमिथिलपायराझोल

इथे उष्णता द्यायची नाही, काढून घ्यायची आहे. १.३० ग्रॅम हायड्राझिन सल्फेट, १० मिलिमोल, ८ मिलिलिटर १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घाला. सगळं विरघळलं नाही तरी घाबरू नका. बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान १५ °से.वर आणा. मग १ ग्रॅम ॲसिटिलॲसिटोन ढवळत ढवळत थेंबथेंब सोडा. थर्मामीटरवर नजर ठेवा, १५च्या आसपासच राहू द्या. पांढरा साका पडायला लागेल. सगळं घालून झाल्यावर तासभर तसंच ढवळा, थोडं पाणी घालून क्षार विरघळवा आणि गाळा.

धुण्यासाठी बर्फाचं पाणी आणि तेही अगदी थोडं, कारण हे पायराझोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. गाळून आलेल्या पाण्यात राहिलेला भाग इथरने काढून घेता येतो. वाळवताना व्हॅक्यूम लावून गरम करू नका, पदार्थ संप्लवनाने उडून जातो आणि मग यील्ड कमी का आलं याचा शोध सुरू होतो. सैद्धांतिक वजन ०.९६ ग्रॅम, द्रवणांक १०७ ते १०८ °से.

एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते सिग्नलांनी दाखवणारी चाचणी, घेतलीत तर एक गंमत दिसेल. दोन मिथिल गट, एक नायट्रोजन-हायड्रोजनशेजारी, दुसरा दुहेरी बंधातल्या नायट्रोजनशेजारी. दोन वेगळे सिग्नल यायला हवेत, पण नेहमीच्या तापमानाला एकच दिसतो. हायड्रोजन दोन नायट्रोजनांमध्ये इतक्या वेगाने ये-जा करतो की यंत्राला सरासरीच दिसते. हे पाहून पदार्थ चुकीचा आहे असं समजणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी असतो.

हे साधं पायराझोल समन्वय रसायनशास्त्रात फार मोलाचं ठरलं. बोरॉनला अशी तीन पायराझोल जोडून रसायनशास्त्रज्ञ ट्रोफिमेन्को यांनी १९६०च्या दशकात जे लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारे रेणू, बनवले त्यांना स्कॉर्पिओनेट म्हणतात. दोन नायट्रोजन विंचवाच्या पुढच्या चिमट्यांसारखे धातूला धरतात आणि तिसरा विंचवाच्या नांगीसारखा वरून येतो.

पायराझोलचा इतिहासही याच अभिक्रियेशी बांधलेला आहे. रसायनशास्त्रज्ञ लुडविग क्नोर यांनी १८८३ मध्ये डायकीटोनऐवजी ॲसिटोॲसेटिक एस्टर आणि फिनिलहायड्राझिन घेतलं. त्यातून पुढे अँटिपायरिन आलं आणि १८८४ पासून तापावरचं औषध म्हणून ते वापरात आलं.

पायरी सहावी: पायरोल, पाल-क्नोर पद्धतीने

कार्ल पाल आणि लुडविग क्नोर या दोघांनी १८८४ मध्ये स्वतंत्रपणे ही अभिक्रिया मांडली. २,५-हेक्सेनडायोन १.१४ ग्रॅम आणि ॲनिलिन ०.९३ ग्रॅम, दोन्ही १० मिलिमोल, थोड्या इथेनॉलमध्ये घ्या. ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब. फ्यूम हूडमध्ये रिफ्लक्स, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं उकळणं, आणि टीएलसीवर ॲनिलिन संपत आलं की थांबा. गार झाल्यावर बर्फासारख्या थंड, ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ओता. उरलेलं ॲनिलिन आम्लात क्षार होऊन विरघळतं, आणि १-फिनिल-२,५-डायमिथिलपायरोल वेगळं पडतं, कारण पायरोलच्या नायट्रोजनची जोडी वलयाच्या ॲरोमॅटिक ढगात गुंतलेली असते आणि तो आम्लाला दाद देत नाही. वर आम्लाबद्दल इतकं बजावलं आणि इथे तेच वापरलं, हे खटकेल. फरक वेळेचा आणि तापमानाचा आहे. अभिक्रिया संपल्यावर थंडीत, थोडा वेळ, विरळ आम्ल चालतं. तीव्र आम्लात गरम ठेवलंत तर पायरोलचं बहुलक होऊन लालतपकिरी चिकटा होईल.

द्रवणांक ५० ते ५१ °से. इतका खाली असल्यामुळे पदार्थ बरेचदा तेलासारखा बसतो. काचेच्या कांडीने भांड्याची भिंत खरवडा, थंड करा, आधीचा एखादा स्फटिक असेल तर टाका. मिळालेले स्फटिक हवा आणि उजेडापासून दूर, थंड ठेवा, नाहीतर रंग चढतो.

चाचणीसाठी एर्लिश अभिकारक, म्हणजे आम्लातलं पॅरा-डायमिथिलअमिनोबेंझाल्डिहाइड, वापरा. पायरोलवर मोकळी जागा असेल तर गुलाबी ते लाल रंग येतो.

याचा उपयोग फक्त सरावापुरता नाही. मोठ्या रेणूत प्राथमिक अमीन गट काही पायऱ्यांसाठी लपवायचा असेल तर त्याचं २,५-डायमिथिलपायरोल करून ठेवतात आणि काम झालं की हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइडने सोडवतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिनच्या गाभ्यातलं, प्रत्येक जागा भरलेलं पायरोल वलय पाल-क्नोर अभिक्रियेनेच बंद केलं जातं. तिथे डायकीटोनभोवती इतकी गर्दी असते की वलय बंद व्हायला नको म्हणतं. पिव्हॅलिक आम्लासारखं सौम्य, अवजड आम्ल उत्प्रेरक म्हणून दिलं की ते जमतं.

पायरी सातवी: दोन टोकं वेगळी असतील तेव्हा

इथपर्यंतच्या प्रयोगांतले सगळे डायकीटोन दोन्ही बाजूंनी सारखे होते. हे मुद्दाम केलं. खरं काम सुरू होतं ते टोकं वेगळी झाल्यावर.

बेंझॉइलॲसिटोन घ्या, एका टोकाला फिनिल, दुसऱ्याला मिथिल. त्याला साधं हायड्राझिन दिलं तर एकच पायराझोल, कारण दोन्ही नायट्रोजन सारखेच. फिनिलहायड्राझिन दिलं तर दोन शक्यता. फिनिल असलेला नायट्रोजन मिथिलच्या बाजूला येईल किंवा दुसऱ्या फिनिलच्या बाजूला. बहुतेकदा दोन्ही समघटक (तेच अणू, वेगळी जोडणी) मिळतात आणि प्रमाण विद्रावकावर, पीएचवर आणि अभिकारक मोकळा आहे की क्षाराच्या रूपात, यावर ठरतं.

सेलेकॉक्सिब हे याचं उत्तम उदाहरण आहे. सांधेदुखीवरच्या या औषधाला अमेरिकेत १९९८ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. त्याचा १,३-डायकीटोन एका बाजूला ट्रायफ्लुओरोमिथिल आणि दुसऱ्या बाजूला टोलिल गट बाळगतो. सल्फॅमॉयलफिनिलहायड्राझिन हायड्रोक्लोराइडच्या रूपात घेऊन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स केलं की हवा तो १,५-डायअरिल समघटक प्रामुख्याने मिळतो. औषध म्हणून काम करतो तो हाच, कारण दोन ॲरोमॅटिक वलयं शेजारी असली तरच रेणू एन्झाइमच्या खोबणीत नीट बसतो.

असा डायकीटोन हाताळताना कच्च्या उत्पादनाचा एनएमआर शुद्धीकरणाआधी घ्या. स्फटिकीकरणात कमी प्रमाणातला समघटक मदर लिकरमध्ये निघून जातो आणि मग अभिक्रिया एकाच दिशेने गेली असा चुकीचा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. कुठला समघटक कुठला, हे ठरवायला नुसते सिग्नल मोजून भागत नाही, नोसीसारखा एनएमआरचा प्रयोग लावून कोणते हायड्रोजन अवकाशात जवळ आहेत ते पाहावं लागतं.

वलय खरंच तयार झालं का, हे बाकी प्रयोगांत सोप्या खुणांनी कळतं. इन्फ्रारेडमध्ये कार्बोनिलची पट्टी गेली पाहिजे. बेन्झिलची ती १६६० सेमी⁻¹ च्या आसपास ठळक दिसते, क्विनॉक्सॅलिनमध्ये नाहीशी होते. थोडी उरली असेल तर एकाच टोकाला अभिक्रिया होऊन थांबली असण्याची शक्यता आहे, अजून थोडा वेळ द्या.

पिरिमिडीनबद्दल थोडक्यात. ॲसिटिलॲसिटोन आणि ग्वानिडीन कार्बोनेटपासून २-अमिनो-४,६-डायमिथिलपिरिमिडीन मिळतं, आणि सल्फाडिमिडीन या सल्फा औषधात हेच वलय आहे. युरियाकडून येणारं हायड्रॉक्सी भावंड कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिसवरच्या निकार्बाझिनचा एक घटक आहे. प्रयोग म्हणून मला हे दोन्ही कमी आवडतात, कारण मध्ये पाहण्यासारखं फार घडत नाही.

कचरा वेगवेगळा ठेवा. हायड्राझिन असलेलं पाणी, अमीनचे गाळ आणि सेंद्रिय विद्रावक यांच्या बाटल्यांवर नावं आणि तारीख लिहा. एकाच बाटलीत सगळं ओतण्याची सवय लागली की ती सुटत नाही.

हे तीन प्रयोग नीट झाले आणि चौथा करायची इच्छा असेल तर लोफिन बनवा. बेन्झिल, बेंझाल्डिहाइड आणि अमोनियम ॲसिटेट ग्लेशियल ॲसेटिक आम्लात रिफ्लक्स करायचं. वलय आधी कागदावर मोजा: दोन कार्बन बेन्झिलचे, एक बेंझाल्डिहाइडचा, दोन नायट्रोजन अमोनियाचे. पाच, म्हणजे इमिडाझोल. द्रवणांक २७५च्या आसपास, म्हणून साधा पॅराफिन बाथ नको, धातूचा ब्लॉक असलेलं यंत्र लागेल. १८७७ मध्ये रॅडझिशेव्हस्की यांनी पाहिलं की हा पदार्थ अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करताना स्वतः प्रकाश देतो. दिवे बंद करून डोळे अंधाराला सरावू द्या, घाई करू नका. तुमच्या हातच्या रेणूतून येणारा तो फिकट पिवळसर उजेड दिसायला थोडा वेळ लागतो.